शकुंतला रेल्वेची जुनी स्थानके मोटारसायकलवरून पाहायची आहेत, मार्गदर्शन हवे

सह्याद्रीवारी (पुणे)

नमस्कार. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तेथून पुढे अचलपूर या वऱ्हाडातील नॅरोगेज मार्गाच्या कडेकडेने मोटारसायकलवरून जावे आणि वाटेतील जुनी रेल्वे स्थानके शक्य तितकी नीट पाहावीत, असे मी आणि माझा एक मित्र ठरवत आहोत. हा मार्ग ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जातो आणि त्यावरची गाडी आता बंद आहे, एवढे वाचून माहीत आहे. परंतु या रेल्वेवर आलेले बहुतेक लेख ‘इंग्रज कंपनीच्या मालकीचा भारतातील शेवटचा रेल्वेमार्ग’ या एकाच गोष्टीभोवती फिरतात. प्रत्यक्ष जागेवर आज काय उभे आहे, कोठे थांबावे, रस्ता रुळांच्या किती जवळून जातो, याविषयी त्यांत फारसे काही सापडत नाही.

मी बांधकामाच्या व्यवसायात आहे आणि जुन्या सार्वजनिक इमारतींचे दगडकाम, छपरांचे सांगाडे, खिडक्या-दारांची मापे यांत मला मनापासून रस आहे. त्यामुळे वेगाने अंतर कापण्यापेक्षा एकेका ठिकाणी तास-दीड तास थांबण्याची आमची तयारी आहे.

प्रवास यवतमाळकडून सुरू करावा की अचलपूरकडून? बंद पडलेल्या स्थानकात पाय ठेवण्यासाठी कोणाची परवानगी लागते का? आणि याच तोडीचा दुसरा मार्ग म्हणून बार्शी लाइट रेल्वेचा विचार करावा का, कारण पुण्याहून ती बरीच जवळ पडते? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

कापूसकोंडा (कारंजा लाड)

तुम्ही या मार्गाकडे इमारती पाहण्यासाठी येत आहात याचा आनंद आहे, परंतु निघण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी, म्हणजे निराशा होणार नाही. या मार्गावरील लहान स्थानके ही स्थापत्याचे नमुने म्हणून कोणी बांधलेली नव्हती. एक-दोन खोल्या, तिकिटाची खिडकी, उतरते छप्पर, जमिनीपासून जेमतेम उंच असा फलाट आणि गावाच्या नावाची पाटी, एवढाच बहुतेक ठिकाणचा पसारा आहे. त्यांतील अनेकांची दारे-खिडक्या आता गेली आहेत आणि अवतीभवती वेडी बाभूळ माजली आहे. केवळ इमारत पाहायची म्हटली तर दहा मिनिटांत आटोपते. पण हे स्थानक येथेच का आहे, गावापासून ते या बाजूला का आहे, त्याच्या शेजारी जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याचे, आवार का आहे, हे प्रश्न मनात घेऊन थांबलात तर तुमचा दीड तासही अपुरा पडेल.

हा मार्ग कापसासाठी बांधला गेला, हे येथील प्रत्येक जण सांगेल. त्याचा अर्थ मात्र जागेवर उभे राहिल्यावरच नीट कळतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सगळ्यांचे लक्ष वळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तोही भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा कापसाच्या पट्ट्यातूनच. खामगावची बाजारपेठ मुख्य मार्गापासून थोडी बाजूला राहिली, म्हणून तिच्यासाठी लगेच फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. मात्र मुख्य मार्गाच्या दक्षिणेला यवतमाळ, दारव्हा, कारंजा आणि उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर हा प्रदेश बैलगाड्यांवरच अवलंबून होता. ही उणीव भरून काढण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीमार्फत मूर्तिजापूरच्या दोन्ही बाजूंना ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा नॅरोगेज मार्ग घातला. मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटर अशी त्याची लांबी आहे. वऱ्हाडातील मार्गाच्या कंपनीला मध्य प्रांताचे नाव का, असा प्रश्न पडू शकतो. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला होता, हे त्याचे उत्तर आहे.

आता पाहायचे काय, तर सर्वांत महत्त्वाचे मूर्तिजापूर. सगळ्या मार्गाचे मर्म तेथे एका जागी दिसते. एका बाजूला मुंबई–नागपूर–हावडा ब्रॉडगेजच्या गाड्या धडधडत जातात आणि शेजारीच नॅरोगेजचे अरुंद रूळ, लोकोशेडचे आवार व माल उतरवण्याची जागा पडून आहे. दोन्ही रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे यवतमाळकडून आलेली कापसाची प्रत्येक गाठ लहान वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, काढून हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढवावी लागत असे. तुम्ही बांधकामातले आहात, तेव्हा दोन्ही मार्गांच्या पातळ्या आणि त्यांमधील अंतर जरूर नजरेने मोजा. माल हलवण्याचे श्रम कमी व्हावेत म्हणून अशा ठिकाणी कशी आखणी करतात, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले उमगेल.

तेथून दक्षिणेकडे कारंजा आणि दारव्हा ही दोन मोठी ठिकाणे आहेत. कारंजा हे दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैनांच्या जुन्या मंदिरांचे गाव असल्यामुळे येथे राहण्याची व जेवणाची सोय सहज होते. माझा सल्ला असा, की यवतमाळहून निघून पहिला मुक्काम कारंजाला करावा, दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर निवांत पाहावे आणि तिसरा दिवस अचलपूरच्या बाजूसाठी ठेवावा. यवतमाळकडून निघाल्यास मूर्तिजापूरपर्यंत ज्या दिशेने कापूस जात होता त्याच दिशेने तुम्ही जाता, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

गार्डची लेक (अमरावती)

माझे वडील या गाडीवर अनेक वर्षे गार्ड होते, त्यामुळे वरील प्रतिसादात न आलेली बाजू लिहिते. ही स्थानके आज ओसाड दिसतात, परंतु गाडी सुरू असतानाही त्यांपैकी बरीचशी कर्मचाऱ्यांविनाच होती, हे नव्या माणसाला ठाऊक नसते. तिकीट खिडकीच्या आत कोणी बसत नसे. गाडी थांबली की गार्ड खाली उतरून फलाटावरच तिकिटे देत असे आणि शेवटचा उतारू चढेपर्यंत गाडी हलत नसे. रस्त्यावरच्या फाटकाशी आली की गाडी अलीकडेच उभी राही, गाडीवरचाच एक माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येई आणि मग पुढचा प्रवास सुरू होई. इंजिन सोडणे-जोडणे, सिग्नल ओढणे, सांधे बदलणे ही सारी कामे तीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे करीत. अचलपूरच्या ७६ किलोमीटरला चार तास का लागत, याचे उत्तर रुळांच्या अवस्थेइतकेच या पद्धतीतही आहे.

म्हणून माझी विनंती आहे, की केवळ स्थानकांपाशी थांबू नका. जेथे डांबरी रस्ता रूळ ओलांडतो तेथेही गाडी बाजूला लावून पाच मिनिटे उभे राहा. अनेक ठिकाणी डांबर रुळांवर चढले आहे आणि दोन बारीक लोखंडी रेघा तेवढ्या वर दिसतात. तेथून रुळांच्या दोन्ही दिशांना नजर टाकली म्हणजे हा मार्ग किती हलक्या हाताने जमिनीवर टाकलेला आहे, ते दिसते. मोठे भराव नाहीत, खोल खोदकाम नाही. उंचवटा आला की मार्ग वळसा घेतो आणि नाल्यावर लहानशी मोरी बांधून पुढे जातो. नॅरोगेज निवडण्याचे हेच तर कारण होते, कारण अरुंद रुळांना तीव्र वळणे चालतात आणि त्यामुळे बांधकामाचा खर्च पुष्कळ वाचतो.

आणखी एक सांगते. रूळ जेथे उघडा असेल तेथे खाली बसून त्याच्या मधल्या पातळ भागावर, म्हणजे वरचा माथा आणि खालचा पाया यांमधील उभ्या पट्टीवर, नीट पाहा. रूळ लाटताना कारखाने त्यावर आपले नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत उमटवत असत. गंज चढलेला असला तरी तिरप्या उन्हात, सकाळी किंवा चार वाजल्यानंतर, ती अक्षरे वाचता येतात. सिग्नलांच्या लोखंडावरही लिव्हरपूलचे नाव वाचल्याचे जुने कर्मचारी सांगत असत. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर राबत होते आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. त्या दिवसाबद्दल आमच्या घरी वडील नेहमी गंभीरपणे बोलत. वाफेचे इंजिन म्हणजे कष्ट फार, परंतु बिघडले तर हातोडी-पान्याने वाटेत दुरुस्त करता येई, असे त्यांचे म्हणणे होते.

ज्या गावांत एसटी पोहोचली नव्हती किंवा पावसाळ्यात पोहोचत नव्हती, तेथील शेतमजुरांसाठी ही गाडी काय होती ते स्थानकाजवळच्या वस्तीतल्या वयस्कर बायकांना विचारा. भाजीच्या टोपल्या, शेळ्या, लग्नाचे वऱ्हाड, बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या मुली, सगळे तिच्यातून गेले आहे. कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी थोडे बोललात तर लोक आपणहून जुन्या जागा दाखवायला येतात.

बालाघाटी (बार्शी)

मूळ प्रश्नात बार्शी लाइट रेल्वेचा उल्लेख आला आहे आणि मी त्याच गावचा असल्यामुळे त्याविषयी प्रामाणिक मत देतो: जुनी स्थानके पाहणे हाच हेतू असेल तर वऱ्हाडातच जावे.

बार्शी लाइट रेल्वे अभियांत्रिकीच्या इतिहासात शकुंतलेपेक्षा मोठी आहे, यात शंका नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर मोठ्या क्षमतेच्या वाघिणी चालवता येतात हे सिद्ध करण्यासाठी हा मार्ग उभारला. प्रत्येक आसावरील भार पाच टनांपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्वांना हाच नियम लावायचा, म्हणजे हलके रूळ पुरतात, हे त्याचे तत्त्व होते. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डूवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे एका बाजूला १९०६ मध्ये पंढरपूर व १९२७ मध्ये मिरज, तर दुसऱ्या बाजूला १९११ मध्ये लातूर येथपर्यंत मार्ग वाढला. शकुंतला कापसावर जगली; आमची रेल्वे धान्य, कापूस आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी यांवर. ती १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

या शेवटच्या गोष्टीमुळेच तुमची निराशा होईल. रूळ रुंद करताना भराव वाढवले गेले, वळणे सरळ केली गेली, फलाट उंच झाले आणि बहुतेक ठिकाणी नवी स्थानके बांधली गेली. आम्हा रहिवाशांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. २०१६ च्या दुष्काळात लातूर तहानलेले असताना मिरजेहून पाण्याची रेल्वे याच मार्गाने, पंढरपूर–कुर्डूवाडी–बार्शी अशी, लातूरला गेली. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली; पुढे एका खेपेत पंचवीस लाख लिटर नेले जाऊ लागले. मार्ग नॅरोगेजच राहिला असता तर हे शक्य नव्हते. मला जुन्या रेल्वेची ओढ आहे, तरीही हे नोंदवल्याशिवाय पुढे जाणे बरोबर वाटत नाही, कारण ‘जुने तसेच राहिले पाहिजे’ असे म्हणणारे बहुधा त्या गावांत राहत नाहीत. अचलपूर आणि यवतमाळच्या लोकांनी शकुंतला ब्रॉडगेज व्हावी म्हणून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आहे, ती मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

तरी आमच्याकडे एक जागा अशी आहे, की तिच्यासाठी स्वतंत्र फेरी करावी. जुना मार्ग बार्शीहून पांगरीवरून बालाघाटाच्या डोंगरातून येडशीला चढत असे. ब्रॉडगेज करताना उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव शहर जोडण्यासाठी मार्ग दक्षिणेकडे वळवण्यात आला आणि रामलिंगच्या अरण्यातला घाटाचा जुना तुकडा बाजूला पडला. नवे काम त्याच्यावर न झाल्यामुळे त्या टापूत जुन्या मार्गाची आखणी अजून डोळ्यांना दिसते. रामलिंगच्या मंदिरापर्यंत चांगला रस्ता आहे. परिसर वन्यजीव अभयारण्याचा आहे, म्हणून गाडी रस्त्यावरच ठेवावी आणि आत शिरण्यापूर्वी वनखात्याच्या माणसांना विचारावे. पुण्याहून शनिवार-रविवारात हे होण्यासारखे आहे. परंतु ही वऱ्हाडाची जागा घेऊ शकणार नाही.

सह्याद्रीवारी (पुणे)

तिन्ही प्रतिसाद वाचून आमचा बेत बराच बदलला. इमारतींच्या मापांपेक्षा मार्गाची आखणी आणि मालाची हालचाल हा विषय घेऊनच निघावे, असे आता वाटते. वऱ्हाडाचे निश्चित केले आहे आणि रामलिंगसाठी नंतर वेगळी फेरी करू.

आता व्यावहारिक अडचणींकडे येतो. पुण्याहून गाडी चालवत जावी की रेल्वेने पाठवावी? रुळांच्या कडेने कच्ची वाट असल्यास तिच्यावरून दुचाकी नेता येईल का? आणि परवानगीचा प्रश्न अद्याप राहिला आहे.

काळी माती (अकोला)

या भागात मोटारसायकलवर माझे कायमचे हिंडणे आहे, तेव्हा शेवटच्या प्रश्नांना मी उत्तर देतो.

पुण्याहून चालवत यायचे असेल तर अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा, मेहकर, मालेगाव (वाशीम जिल्ह्यातले) आणि शेलूबाजार असा जुना नागपूर रस्ता धरावा; तो थेट कारंजाला येतो. समृद्धी महामार्ग कारंजाजवळूनच जातो आणि नकाशावर तो मोह घालतो, परंतु त्यावर दुचाकींना मनाई आहे, त्यामुळे नकाशाचे अ‍ॅप लावताना दुचाकीचा पर्याय निवडला आहे ना, ते पाहून घ्यावे. सिंदखेड राजाला जिजाऊंचे जन्मस्थान वाटेतच आहे. तेथे न थांबता पुढे जाणे कोणाही मराठी माणसाला जमणार नाही, म्हणून तेवढा वेळ हिशेबात धरावा.

रेल्वेने पाठवायची असल्यास अकोला किंवा बडनेरा या स्थानकांचा विचार करावा, कारण तेथे गाड्या अधिक थांबतात. पार्सल कार्यालयात नोंदणी पुस्तिका, विम्याचा कागद आणि ओळखपत्र यांच्या प्रती द्याव्या लागतात. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते. आरसे काढून आपल्याजवळ ठेवावेत आणि टाकी व हेडलाइट यांभोवती जाड पुठ्ठा आधी गुंडाळावा, मग वरून गोणपाट. गाडी तुमच्याच रेल्वेने येईल अशी खात्री नसते, म्हणून हाताशी एक दिवस अधिक ठेवावा.

हंगामाविषयी तुमची निवड बरोबर आहे. मार्च संपला की येथे दुपारी दुचाकी चालवणे म्हणजे तब्येतीशी खेळ, आणि पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडण्याचा विचारही करू नये. आमची काळी माती ओली झाली की चाकाला धरून वर चढते, चाक आणि मडगार्ड यांमध्ये ठासून भरते आणि पन्नास पावलांत चाक फिरेनासे होते. मग काडीने, हाताने, मिळेल त्याने ती उकरत बसावे लागते. अवकाळी पाऊस झाला असेल तर नोव्हेंबरातही ही वेळ येते, म्हणून स्थानकाकडे जाणारी कच्ची वाट ओली दिसली तर गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करून चालत जावे. दिवाळीनंतर येण्याचा आणखी एक लाभ असा, की त्या वेळी कापसाची वेचणी चालू असते आणि जिनिंगच्या आवारात सरकी व रुई वेगळी होताना, रुईच्या गाठी बांधल्या जाताना प्रत्यक्ष पाहता येतात. विनंती केल्यास बहुतेक मालक आत येऊ देतात. मात्र आत विडी-सिगारेट, काडेपेटी अजिबात न्यायची नाही. जिनिंगला आग लागणे ही आमच्याकडची मोठी धास्ती आहे. शिवाय अलीकडे पुष्कळ शेते सोयाबीनखाली गेली आहेत, हेही वाटेत तुमच्या नजरेस येईल.

परवानगीचे स्पष्ट सांगतो. गाडी बंद असली तरी रूळ, स्थानके आणि त्यांलगतची पट्टी ही मोकळी सोडलेली जमीन नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून रुळांच्या पट्टीवरून दुचाकी हाकण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. रूळ ओलांडणारे सार्वजनिक रस्ते आणि स्थानकापर्यंत जाणारी गावची वाट पुरेशी आहे. मूर्तिजापूरच्या लोकोशेडच्या आवारात जायचे असेल तर तेथील स्थानक अधीक्षकांना आधी भेटावे. या मार्गावरील लोखंडी सामानावर चोरांची नजर असते आणि गावकऱ्यांना ते माहीत आहे, त्यामुळे अनोळखी दुचाकीस्वार रुळांशी वाकून काही करताना दिसला की लोक जमतात. गार्डची लेक यांनी सांगितलेली अक्षरे वाचायची असतील तर आधी जवळच्या घरी किंवा चहाच्या टपरीवर हेतू सांगावा. आठवण म्हणून एखादा खिळा किंवा फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा, बोल्टही उचलू नये. रेल्वेची मालमत्ता अवैधरीत्या जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि तो गंजलेल्या खिळ्यालाही लागू होतो.

गार्डची लेक (अमरावती)

काळी माती यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्यात भर घालून सांगते, की परतल्यावर छायाचित्रे टाकताना कोणत्या आडगावच्या स्थानकावर नावाची जुनी पाटी, कोठे सिग्नलाचा सांगाडा, कोठे लोखंडी बाक अजून शिल्लक आहे, हे ठिकाणासह जाहीर करू नये. भंगारवाल्यांना त्याहून सोयीची यादी मिळणार नाही.

कापूसकोंडा (कारंजा लाड)

याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या स्थानकाची छायाचित्रे कोणाकडेच नाहीत ते नाहीसे झाले तर ते होते हे सांगायलाही पुरावा उरत नाही. यवतमाळकडे वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचे काम चालू आहे आणि उद्या शकुंतलेच्या रुंदीकरणाचे काम निघाले तर लहान स्थानके सर्वांत आधी पाडली जातील. तेव्हा माझी सूचना अशी, की मोठ्या, वर्दळीच्या ठिकाणांची छायाचित्रे नावासह द्यावीत आणि एकाकी स्थानकांची सविस्तर नोंद, मापांसह, स्वतःजवळ नीट जपून ठेवावी. तुम्ही बांधकामातले आहात. खोलीची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, कमानीचा गाळा, कैचीतील लाकडांची जोडणी, फलाटाची रुळापासूनची उंची हे टेपने मोजून कागदावर उतरवलेत तर ते कोणत्याही छायाचित्रापेक्षा मोलाचे ठरेल. आमच्याकडे भावना पुष्कळ आहेत, मोजमापे कोणाकडे नाहीत.

अचलपूरच्या बाजूविषयी लिहायचे राहिले होते. मूर्तिजापूरहून उत्तरेला लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट आणि अचलपूर असा क्रम आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा सपाट टापू आहे आणि अंजनगाव सोडल्यावर समोर सातपुड्याची, म्हणजे मेळघाटाची रांग दिसू लागते. शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव अंजनगाव तालुक्यात आहे आणि त्यांचे बालपण ज्या दापुऱ्याला गेले ते मूर्तिजापूर तालुक्यात, त्यामुळे दोन्ही गावे तुमच्या वाटेला थोडासा वळसा घेऊन पाहता येतात. अचलपूर हे इमादशाहीची राजधानी होते. तेथील हौज कटोरा आणि जुन्या दरवाजांसाठी अर्धा दिवस सहज जातो. मुक्काम शेजारच्या परतवाड्याला करावा, सोय अधिक चांगली आहे.

अचलपूरला पोहोचल्यावर अकोला–खंडवा या आता बंद झालेल्या जुन्या मीटरगेज मार्गावरचे धूळघाट पाहण्याचा मोह होईल, कारण चढ जिंकण्यासाठी तेथे रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जात असत. परंतु तो भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे आणि वनखात्याच्या परवानगीविना तेथे दुचाकीने जाता येत नाही. त्याऐवजी हाताशी वेळ असेल तर परतताना पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा मार्ग पाहावा. तोही त्याच कंपनीचा, त्याच रुंदीचा आणि कापसासाठीच टाकलेला होता, परंतु शकुंतलेच्या मानाने त्याच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. पुलगाव मुख्य मार्गावर असल्यामुळे, पार्सल घेतात का याची आधी चौकशी करून, गाडी तेथूनच रेल्वेने परत पाठवण्याचाही विचार करता येईल. तारखा ठरल्या की येथे कळवावे. कारंजाला मी स्थानकापर्यंत सोबत येईन आणि शेजारच्या जिनिंगमध्ये आधी सांगून ठेवीन.